झाडावर राहायचं, तर पाणी हवं

आमच्या माढा तालुक्यात बेडूक जमिनीखाली राहतो. कुर्डुवाडीच्या आसपास कुठल्याही माळावर मे महिन्यात उभं राहा, पायाखालच्या मातीत बेडूक असेल अशी शंकासुद्धा यायची नाही. सोलापूर जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातल्या त्यात भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला, परतीच्या वाटेवरचा. मृग कोरडा गेला तर इथं कुणी कपाळाला हात लावत नाही; ते धरूनच चाललेलं असतं. म्हणून तर या भागाचं जुनं खात्रीचं पीक रब्बीची ज्वारी. असल्या मुलखात, कातडं सुकलं की ज्याचा जीव जातो अशा प्राण्यानं करायचं काय? तो स्वतःला गाडून घेतो.

हा गाडून घेणारा बेडूक स्फेरोथेका या कुळीतला. दिसायला काही खास नाही. आखूड, गोल, मातकट. पण त्याच्या मागच्या पावलाचा तळवा जरूर पाहावा. तिथं एक कडक, अर्धचंद्राकृती उंचवटा असतो. तेच त्याचं फावडं. तोंड पुढं करून तो खणत नाही. मागचे पाय आळीपाळीनं बाजूला सारत तो मागं मागं रुतत जातो; आधी बूड मातीत जातं, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी डोळे. मग त्या जागी नुसती भुसभुशीत माती उरते. दमदार पाऊस झाला की हीच मंडळी रातोरात वर येतात, शेताकडेच्या डबक्यात गोंगाट घालतात, अंडी घालतात आणि पुन्हा गडप होतात. माझ्या नात्यातले एक म्हातारे शेतकरी पेरणीचा अंदाज अजून याच गोंगाटावर बांधतात. हवामान खातं काहीही म्हणो, "औंदा बेडकं वरडलीच न्हाईत," असं त्यांनी म्हटलं की घरात बियाण्याच्या पिशवीची शिवण उसवत नाही.

पाऊस फारच लांबला की धोंडी निघते. कडुनिंबाचा पाला नेसलेलं पोर दारोदार फिरतं, बायका त्याच्या डोक्यावर पाण्याची कळशी रिकामी करतात. काही भागांत मुसळाला बेडूक बांधून मिरवतात. दुष्काळी मुलखात बेडकाला असा मान आहे, आणि मानाबरोबर येणारा त्रासही.

अशा गावातून उठून मी आंबोलीला झाडावरचे बेडूक पाहायला जातो, हे गावात कुणालाच नीट पटवून देता आलेलं नाही. वाट तशी सोपी आहे. कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे मिरज, ही एके काळची बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झालेली, १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचलेली अडीच फुटी गाडी. तिचा रूळ आता रुंद झाला आहे. मिरजेहून कोल्हापूर, आणि कोल्हापुरात सावंतवाडीची एसटी धरली की गडहिंग्लज, आजरा, आंबोली. पावसाळ्यात या एसटीच्या खिडकीतून सह्याद्री जवळ येताना अक्षरशः अंगावर येतो. गडहिंग्लजला रिमझिम, आजऱ्याला छत्री उघडावीच लागते आणि आंबोलीत छत्रीचा उपयोग संपतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आमचा अख्ख्या वर्षाचा पाऊस म्हणजे तिथल्या जुलैचा एखादा आठवडा.

मराठी माणूस आंबोली ओळखतो ती धबधब्यामुळं आणि धुक्यामुळं. बेडूक पाहणाऱ्यांच्या जगात मात्र या गावाचं नाव वेगळ्याच मोठेपणानं घेतलं जातं. २००९ साली इथल्या जांभ्याच्या सड्यावरचा, अंगावर पिवळे पट्टे असलेला छोटा भेक विज्ञानाला नव्यानं माहीत झाला. त्याचं नाव झँथोफ्रीन टायग्रिना. सड्यावरच्या उथळ डबक्यांत, पहिल्या पावसाच्या थोड्याच दिवसांत त्याचं सारं प्रजनन उरकतं, आणि आज तो जगातल्या अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. त्याच वर्षी झुडपावर राहणाऱ्या एका बेडकाला आंबोलीचंच नाव मिळालं. २०१४ मध्ये पुण्याचे आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश डहाणूकर यांनी इथून आणखी एका बेडकाचं वर्णन केलं. हिरण्यकेशीच्या देवळापाशी २०२० मध्ये माशाची नवी जात सापडली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. एवढ्याशा गावात हे सगळं. पण रात्री विजेऱ्या घेऊन हिंडणारे लोक इथं येतात ते बहुतेक एकासाठी, मलबारी उडत्या बेडकासाठी.

सदाहरित जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं माहितीपटातलं ॲमेझॉन येतं: शंभर-दीडशे फुटांवरचं छत, खाली काळोख. आंबोलीचं रान तसं नाही. जांभूळ, अंजनी, हिरडा अशी झाडं एकमेकांना बिलगून उभी असतात, पण माथ्यावरचा वारा त्यांना फार वर जाऊ देत नाही. छत आहे, दाट आहे, ओलं आहे, फक्त बुटकं आहे. आम्हा मैदानी माणसांच्या दृष्टीनं ही सोयच. ॲमेझॉनच्या छतातला बेडूक पाहायला दोर लावून चढावं लागतं. इथं मान वर केली तरी भागतं. तीही फक्त पावसाळ्यात. माझ्याबरोबर रात्री हिंडणारा स्थानिक तरुण म्हणाला, "काका, पाऊस इलो काय तो खाली येता. बाकी वर्षभर खय आसता, ता देवाक म्हायत."

पहिल्यांदा दिसतो तो बेडूक नसतोच, पान असतं. विजेरीच्या उजेडात एका फांदीवर हिरवंगार, किंचित चमकणारं, काठ नीट मुडपलेलं काहीतरी. हात, पाय, बोटं सगळं पोटाखाली दुमडून तो बसलेला असतो, तेव्हा अंगावर हिरव्याशिवाय दुसरा रंगच नसतो. मोठी मादी दहा सेंटिमीटरपर्यंत भरते, नर त्याहून लहान. मग तो एक पाय उचलतो. बोटं फाकतात आणि त्यांच्या मधलं लालभडक-नारिंगी पातळ कातडं ताणून उघडतं. चारही पंजांवर हाच रंग. कोपरापासून मनगटापर्यंत कातड्याची झालर, टाचेशी एक छोटा त्रिकोण. बसलेला बेडूक आणि निघालेला बेडूक हे दोन वेगळे प्राणी वाटावेत इतका फरक. त्यानं झेप घेतली तेव्हा मला तर समोरून नुसतं काहीतरी लाल गेल्यासारखं वाटलं, आणि पुढच्या झुडपावर पुन्हा एक हिरवं पान वाढलं.

त्याचं शास्त्रीय नाव ऱ्हाकोफोरस मलबारिकस. १८७० साली थॉमस जर्डन यांनी ते ठेवलं. मद्रास सैन्यातले डॉक्टर आणि भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिणारे हे जर्डन पक्षी पाहता पाहता बेडकांकडंही वळले होते. त्याच्या एकच वर्ष आधी, १८६९ मध्ये, आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचं मलाय द्वीपसमूहावरचं पुस्तक आलं होतं आणि त्यातला एक बेडूक युरोपात गाजत होता. १८५५ साली बोर्निओतल्या सारावाकमध्ये एका चिनी मजुरानं तो वॉलेसना आणून दिला आणि सांगितलं की उंच झाडावरून हा तिरका, उडत आल्यासारखा खाली आला. वॉलेसनी मोजमाप घेतलं: अंग चार इंच, पण चारही पंजे पसरले की पडद्यांचं क्षेत्रफळ बारा चौरस इंच. त्या बेडकाला शास्त्रीय नाव मिळायला मात्र १८९५ साल उजाडलं. त्या मजुराचं नाव कुठंच नोंदलेलं नाही. निसर्गविज्ञानाच्या इतिहासात असं फार वेळा होतं. ज्यानं प्रत्यक्ष पाहिलं तो 'एक मजूर' राहतो.

'उडता' हा शब्द तसा सैल आहे. हा बेडूक पक्ष्यासारखा वर जात नाही. तो पडतो, पण हिशेबानं पडतो. मलबारी बेडूक एका झेपेत नऊ ते बारा मीटर अंतर कापतो अशा नोंदी आहेत. इतके दिवस साधा समज असा होता की पंजांमधले पडदे आले ते जास्त लांब जाता यावं म्हणून. १९९० मध्ये शॅरन एमर्सन आणि मिमी कोएल या दोन अमेरिकी संशोधकांनी बेडकांच्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात टांगून हे तपासलं, तेव्हा उत्तर वेगळंच निघालं. हातपाय बाजूला काढून, पंजे फाकून धरलेल्या 'उडत्या' पवित्र्यात बेडूक उलट थोडा कमीच लांब जातो. पण त्या पवित्र्यात त्याला वळता येतं. एक पंजा जरा इकडं-तिकडं केला की दिशा बदलते. गर्द रानात फांद्यांच्या जाळ्यातून खाली येणाऱ्याला लांब जाण्यापेक्षा नेमक्या फांदीवर पोचणं जास्त मोलाचं, हे कळायला वाऱ्याचा बोगदा लागावा याची गंमत वाटते. बुटक्या, दाटीवाटीच्या आंबोलीच्या रानात तर हे जास्तच पटतं.

पोचल्यावर चिकटायचं कसं, हा पुढचा प्रश्न. पावसात निथळणाऱ्या पानावर आपलं बोटही घसरतं. झाडबेडकाच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला चपटी गोल गादी असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर षट्कोनी पेशींची फरसबंदी दिसते आणि पेशींच्या मधून बारीक चर. त्या चरांतून पातळ चिकटा झिरपत राहतो. गादी आणि पान यांच्यामध्ये द्रवाचा जो अतिपातळ थर तयार होतो, त्याच्या ताणावर बेडूक तोललेला असतो. गोंद नाही, आकडे नाहीत. सुटताना तो गादी मागच्या बाजूनं सोलत उचलतो, म्हणून चिकटणं जितकं पक्कं तितकंच सुटणं सोपं. या यंत्रणेला एकच गोष्ट सतत लागते, ओल. कोरड्या धुळीत ही गादी किती वेळ टिकेल? माढ्याच्या माळावरच्या बेडकानं बोटांच्या टोकांना गाद्या ठेवण्याऐवजी टाचेला फावडं का ठेवलं, ते इथं उभं राहिल्यावर नीट समजतं.

एवढं सगळं झाडावर राहण्यासाठी. पण पिलांचं काय? बेडकाच्या पिलाला पाणी हवं आणि पाणी खाली आहे. तिथं मासे आहेत, पाणकिडे आहेत, दुसऱ्या बेडकांची भुकेली पिलं आहेत. मलबारी बेडकानं या पेचावर काढलेला तोडगा पाहायला मिळणं हे खरं आंबोलीचं देणं, लाल पंजे नव्हेत.

जून-जुलैच्या रात्री नर डबक्यांभोवतालच्या झुडपांवर येऊन ओरडू लागतात. मादी आली की नर तिच्या पाठीवर बसतो, कधी एकाहून जास्त नर तिथं जमतात. पाण्यावर ओठंगलेलं एखादं पान, एखादी फांदी मादी निवडते. मग ती एक द्रव सोडते आणि मागच्या दोन्ही पायांनी तो ताक घुसळावं तसा घुसळायला लागते. हळूहळू पांढरा फेस चढतो. त्याच फेसात अंडी, त्याच फेसात नराकडून फलन. हे काम घाईचं नाही. ती घुसळते, थांबते, पुन्हा घुसळते. डोळे अर्धवट मिटलेले, पावसाचे थेंब पाठीवर आपटत असतात आणि तिकडं तिचं लक्ष नसतं. आजूबाजूची पानं फेसाला चिकटत जातात, घरटं अर्धं झाकलं जातं. सकाळी पाहिलं तर मुठीएवढा फेसाचा गोळा डबक्यावर लोंबकळत असतो. बाहेरचा थर सुकून कडक, पिवळट होतो, आत मात्र ओल टिकते. मादी निघून गेलेली असते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या कडदेवरू आणि कणमडी यांनी २००० साली 'करंट सायन्स' नियतकालिकात या बेडकाच्या प्रणयाची आणि घरटं बांधण्याची तपशीलवार नोंद छापली आहे. याच नियतकालिकाचे पहिले संपादक सी. आर. नारायण राव, दक्षिणेतल्या बेडकांवर झटून काम करणारे पहिले भारतीय अभ्यासक. १९३२ साली ते सुरू झालं तेव्हा त्यातून इतके बेडूक बाहेर पडतील असं त्यांना तरी वाटलं असेल का, कोण जाणे.

आठवडाभरात फेसाच्या आत पिलं वळवळू लागतात. फेस आतून पातळ होतो. मग एखाद्या जोराच्या सरीत त्याचा खालचा भाग सुटतो आणि पिलं थेंबांबरोबर टपाटप डबक्यात पडतात. डबकं बरोबर खाली असायला हवं, आणि त्यात पाणी असायला हवं. सगळा डाव या दोन अटींवर लागलेला आहे. झाडाच्या शेंड्यावर राहणाऱ्या प्राण्याचं नशीब शेवटी बुटाएवढ्या खोल पाण्यावर अवलंबून असतं. रान वाचलं, झाड वाचलं, पण त्याच्या बुडाशी साठणारं पाणी कुणी बुजवलं, रस्ता रुंद करताना चर काढून वाहतं केलं किंवा जुलैत पावसानंच मोठी उघडीप दिली, तर वरचा बेडूक कितीही सुंदर असो, त्याची त्या वर्षीची पिढी कोरड्या मातीवर पडते.

फेसाची भिंत सगळ्यांना अडवत नाही. काइउसा नावाच्या माशीच्या अळ्या याच फेसात वाढतात आणि अंडी फस्त करतात. मोठ्या बेडकांवर टपलेले वेगळे. आंबोलीत रात्री फांद्यांवर उजेड टाकताना उडत्या बेडकाइतकाच मलबारी चापडा हा विषारी सापही दिसतो, डबक्यालगतच्या फांदीवर, वेटोळं घालून, तासन्‌तास एकाच जागी. जिथं बेडूक उतरणार तिथं तो आधीच येऊन बसलेला. म्हणून वाट दाखवणाऱ्या तरुणाचं पहिलं वाक्य बेडकाबद्दल नसतं, "फांदयेक हात लावू नकात" हे असतं.

पाण्याच्या या अटीतून सुटायचा दुसराही मार्ग आहे, आणि तो त्याच रानात, हातभर अंतरावर दिसतो. झुडपी बेडूक म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे जीव. रात्रभर चालणारी त्यांची किर्र टिकटिक हाच आंबोलीच्या पावसाळ्याचा पार्श्वनाद. आंबोलीचं नाव मिळालेला बेडूक यातलाच. यांनी पोहणारं पिलूच रद्द करून टाकलं आहे. अंडी ओल्या पाल्यात घातली जातात आणि अंड्यातून थेट चार पायांचा, शेपटी नसलेला इवलासा बेडूक बाहेर येतो. डबकं नको, फेस नको. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला कळक्काड-मुंडन्तुरै व्याघ्र प्रकल्पात यांचा एक भाऊबंद तर बांबूच्या पेराला पडलेल्या छोट्याशा फटीतून आत शिरतो आणि त्या पोकळीत अंडी घालतो; शंभर वर्षांहून जास्त काळ तो कुणाला दिसलाच नव्हता, २०११ मध्ये पुन्हा सापडल्याचं जाहीर झालं. झुडपी बेडकांच्या एका मोठ्या गटाला २०१० साली रावऑर्केस्टेस असं नाव देण्यात आलं, नारायण राव यांच्या स्मरणार्थ. ते देणाऱ्यांत एस. डी. बिजू यांच्यासोबत पुण्याचे योगेश शौचे होते. २०१३ मध्ये याच गटातल्या, सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या एका बेडकाला पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचं नाव मिळालं. पुण्या-साताऱ्यातल्या माणसांनी शिकवण्या सांभाळून, सुट्या काढून, भिजत हे काम केलं आहे. वाघाच्या बातम्यांत या कामाला अर्धा कॉलमही मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार.

झुडपी बेडकाला डबकं नको हे खरं. पण हवा दमट नसेल तर पाल्यातलं अंडं सुकतं. म्हणजे त्याचा पाण्याचा साठा हवेत आहे, इतकंच. पाणी सुटलेलं नाही.

ज्या कुळात मलबारी बेडूक येतो त्यात जगभर चारशेहून जास्त जाती आहेत, आणि सगळ्याच पावसाच्या माहेरी राहत नाहीत. याच कुळातला साधा झाडबेडूक, पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस, भारतभर आढळतो. कोकणात तर न्हाणीघराच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली, कधी देवघरात. तपकिरी, लांबट, डोळे मोठे. उडत्या भावाची छायाचित्रं काढायला दुरून येणारी मंडळी याच्याकडं ढुंकूनही पाहत नाहीत. याच्याकडं पाहायचं ते हवा कोरडी झाल्यावर. कातड्यातून तो स्निग्ध अंश असलेला स्राव सोडतो आणि हातापायांनी अंगभर पुसून घेतो. डोकं, पाठ, कुशी, काही सुटत नाही. हे लेपण झालं की अंगातलं पाणी उडून जाण्याचा वेग कमी होतो. १९९७-९८ च्या सुमारास हार्वी लिलीव्हाइट आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी हे नीट मोजून दाखवलं. लेप लावून झाला की तो पाय दुमडून, डोळे मिटून दगडासारखा बसतो.

आफ्रिकेतला याचा एक चुलत नातलग त्याच्याही पुढचा. कायरोमँटिस नावाचा हा बेडूक तिथल्या कोरड्या गवताळ मुलखात भर उन्हात फांदीवर बसतो. उन्हात त्याचं कातडं जवळजवळ पांढरं होतं. मूत्रावाटे पाणी जाऊ नये म्हणून पक्षी आणि सरडे करतात तसं तो युरिक आम्लाच्या रूपात मळ टाकतो. बेडकांमध्ये ही गोष्ट अत्यंत दुर्मीळ आहे. घरटं मात्र तोही फेसाचंच बांधतो, पाण्यावर ओठंगलेल्या फांदीला. हे वाचल्यापासून माढ्याच्या माळाकडं मी जरा वेगळ्या नजरेनं बघतो. कोरड्या मुलखात झाडावर राहणं अशक्य नाही. पण त्याची किंमत फार मोठी आहे. अंगाची सगळी घडण त्या एका कामाला जुंपावी लागते. आमच्या बेडकानं तो खर्च केला नाही, त्यानं माती निवडली. मला तो व्यवहारी वाटतो.

आणि आमचं तरी काय वेगळं आहे? उजनी धरणाची भिंत आमच्याच तालुक्यात. १९८० मध्ये धरण झालं, कालवे आले आणि ज्वारीच्या मुलखात ऊस उभा राहिला. ते पाणी भीमेचं, आणि भीमा उगम पावते भीमाशंकरच्या रानात. आमच्याकडं पाऊस पडो न पडो, सह्याद्रीत पडला की उजनीचे आकडे वाढतात; पावसाळ्यात कुर्डुवाडीच्या चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या धावसंख्येइतक्याच आवडीनं टक्केवारी विचारली जाते. ज्या ओल्या कड्यावर झाडबेडकांचं भागतं त्यावरच आमच्या उसाचंही भागतं. आंबोलीची हिरण्यकेशीसुद्धा समुद्राकडं जात नाही. आजरा, गडहिंग्लज करत ती घटप्रभेला मिळते आणि पुढं कृष्णेला. डोंगराच्या माथ्यावरचं पाणी पूर्वेच्या कोरड्या मुलखाला पोसतं, हे शाळेच्या नकाशात असतं. पोटात उतरायला मात्र वेळ लागतो.

मलबारी उडता बेडूक आज संकटग्रस्त मानला जात नाही. आंतरराष्ट्रीय यादीत तो 'चिंता कमी' या खान्यात आहे. दिलासा आहे, पण आपल्यापुरता फार मोठा नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडं त्याला भरपूर ओलं रान आहे. महाराष्ट्रात मात्र त्याच्या मुलखाची कड येते, आणि कडेवरच्यांचे हाल सरासरीत दिसत नाहीत. २०२३ मध्ये जगभरातल्या उभयचरांचा मोठा आढावा निघाला. त्यात सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं, आणि २००४ नंतर ज्यांची अवस्था बिघडली त्यांच्यामागं हवामानबदल हे सगळ्यात मोठं कारण ठरलं. पावसाची बेरीज तीच राहिली तरी त्याच्या तारखा हलल्या की फेसाचं घरटं आणि खालचं डबकं यांची गाठ चुकते.

कायद्यानं बेडूक वाचलेच नाहीत असं नाही. एके काळी भारत बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवत असे. शेतातली कीड खाणारा प्राणी विकून वर कीटकनाशकं विकत घेण्याचा हा धंदा आहे, असं मुंबईच्या हुमायून अब्दुलअलींसारख्या निसर्ग अभ्यासकांनी हट्टानं मांडलं आणि १९८७ मध्ये निर्यात बंद झाली. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठच्या एका रातबेडकाला त्यांचं नाव १९५५ मध्येच मिळालं होतं. गोव्यात पहिल्या पावसात 'जंपिंग चिकन' म्हणून मोठे बेडूक पकडण्याचं प्रकरण मात्र अजून मिटलेलं नाही. उडत्या बेडकाला कुणी खात नाही. त्याला त्रास आहे तो कौतुकाचा. चांगलं छायाचित्र मिळावं म्हणून त्याला उचलून दुसऱ्या फांदीवर बसवणं, तोंडावर दिवे मारणं, पंजे दिसावेत म्हणून डिवचून उडवणं हे सर्रास चालतं. मिठाचा, मलमाचा, डास पळवणाऱ्या औषधाचा हात त्या पातळ कातड्याला लागला तर काय होईल, हे कुणी विचारत नाही. बेडूक पोटाखालच्या कातड्यातून पाणी पितो. जे कातड्याला लागतं ते आत जातं. जाणते वाटाडे आता पाहुण्यांना बेडकाला हात लावू देत नाहीत, आणि त्यावरून वाद झालेलेही मी ऐकले आहेत.

२०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आत गेले. आंबोली त्यात नाही. त्यामुळं इथला बराच हिशेब सरकारी हद्दीच्या बाहेर, गावातल्या माणसांच्या सवयीनं चालतो. मी ज्या घरी उतरतो तिथं मागच्या अंगणात सिमेंटची एक जुनी उघडी टाकी आहे. तिच्यावर झुकलेल्या फांद्यांना पावसाळ्यात दरवर्षी फेसाची घरटी लागतात. टाकीतलं पाणी हिरवं, तळाला कुजका पाला, कडेला शेवाळ. येणारे पाहुणे नाक मुरडतात, एक-दोघांनी तर इंटरनेटवर तशा तक्रारीही टाकल्या. मालकाचं उत्तर ठरलेलं, "गणपती जाईसर टाकी धुवूची नाय. तुमचा पाणी येगळा, ह्या तेंचा." विसर्जन झालं की त्याचा मोठा मुलगा ब्रश आणि ब्लिचिंग पावडर घेऊन टाकीत उतरतो. तोवर बहुतेक पिलांना पाय फुटून ती झाडावर गेलेली असतात. गणपती लवकर आले, तर मागं राहिलेली पिलं बादलीतून पलीकडच्या मळ्यातल्या डबक्यात सोडण्याचं काम धाकट्या मुलीकडं असतं, आणि त्या कामाचे ती बापाकडून पैसे वाजवून घेते.